पांढरं औषध

आमच्या गावात जंताच्या औषधाला सगळे ‘पांढरं औषध’च म्हणतात. मृगाचा पाऊस पडून बांधावर हिरवं कोंब वर आलं, की जो तो बाजारातून बाटली आणतो. माप ठरलेलं. मोठ्या शेळीला एक झाकण, करडाला अर्धं. आमची आई पळसपापडी कुटून गुळातून द्यायची, तिचंही माप चिमटीचंच होतं. झाकण हे त्याच चिमटीचं नातू.

शेजारच्या वहिनींकडं पाच उस्मानाबादी शेळ्या. नवरा गेल्यापासून पोराची फी, दवाखाना, किराणा सगळं त्या पाचांवर. तीनेक वर्षांमागं पोरानं बाटली आणली आणि शेळ्या धरायला मला हाक मारली. दहावीपर्यंत शिकल्यामुळं मला दिसेल ते वाचायची खोड आहे. बाटलीवर लिहिलं होतं, अल्बेन्डाझोल १० टक्के. वळचणीला गेल्या वर्षीची रिकामी बाटली खोचलेली होती, तिच्यावर २.५ टक्के. नाव तेच, रंग तोच. पण नव्या बाटलीत औषध चौपट कडक! झाकण मात्र तेवढंच.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, किलोमागं साडेसात मिलिग्रॅम धरा. म्हणजे तीस किलोच्या शेळीला २२५ मिलिग्रॅम. जुन्या बाटलीतलं ९ मिली, नव्यातलं सव्वादोन.

“भावजी, एवढंसं? त्यानं काय मरतंय,” वहिनी म्हणाल्या.

अंदाजावर काम नको म्हणून पोराला भुसाराच्या काट्यावर आधी एकट्याला उभं केलं, मग शेळी कवेत घेऊन. कमी देऊनही भागत नाही. कमी औषधानं लेचेपेचे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि त्यांचीच पिलावळ वाढून पुढं तेच औषध पाण्यासारखं होतं.

खालची पापणी ओढून बघितली. दोघींच्या पापण्या पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाणी उतरलेलं. रक्त पिणाऱ्या जंताची ही खूण. तिसरीला वीस दिवसांमागं बोकड दाखवलेला. हे कळल्यावर डॉक्टर फोनवरच ओरडले, “तिला हे औषध अजिबात नको!” गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेन्डाझोल दिलं तर गाभ जातो, नाहीतर करडू व्यंगाचं निपजतं. तिची पापणी लाल होती, तिला तशीच सोडली.

पाजायचं काम मी केलं. पोरानं शेळीचं तोंड आभाळाकडं केलं होतं, ते खाली घ्यायला लावलं. मान वर ताणली की औषध श्वासनळीत जातं. माझ्या चुलतभावाची दुभती शेळी अशीच गेली. पाजल्यावर ठसकली, तिसऱ्या दिवशी धापा टाकत मेली, आणि त्यानं दोष औषधाला दिला. तोंड जमिनीला समांतर ठेवायचं, बिनसुईची पिचकारी गालाच्या फटीतून जिभेच्या मुळाशी न्यायची आणि गिळेल तसं हळूहळू सोडायचं. शेळी ठसकली की हात थांबवायचा, तोंड सोडून द्यायचं. पाच मिनिटं गेली तर गेली.

काम उरकल्यावर वहिनींनी चहा ठेवायला त्यातल्याच एकीची धार काढायला घेतली. डॉक्टरांनी तीन दिवस दूध बंद सांगितलं होतं. भांडं ठेवलं त्यांनी, पण तोंड वाकडं झालंच. तीन दिवस त्या घरी कोरा चहा होता, आणि पोर रोज संध्याकाळी आमच्याकडं दुधाचा चहा प्यायला यायचं.