नातवाचा कर्जप्रस्ताव

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकच काम निरनिराळ्या पदांवरून केले : समोरच्या माणसाला खरोखर किती पैशांची गरज आहे, हे ठरविणे. अर्जात लिहिलेली गरज आणि प्रत्यक्षातील गरज यांत बहुधा अंतर असे. निवृत्तीनंतर असा अर्ज पुन्हा हाती येईल असे वाटले नव्हते; परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो आला. अर्जदार माझा बारा वर्षांचा नातू, रक्कम ६०,००० रुपये आणि कारण कॅमेरा.

त्याला लेगोच्या ठोकळ्यांचा चित्रपट करायचा होता. ठोकळ्यांचा बाहुला केसभर हलवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचा, पुन्हा छायाचित्र. ती सारी चित्रे वेगाने एकामागून एक दाखविली की निर्जीव बाहुला चालू लागतो. चिरंजीवांनी जेवणाच्या पाटावरच निकाल दिला, “आधी अभ्यास. कॅमेऱ्याने पोट भरत नाही.”

माझा घास हातातच राहिला. ते वाक्य माझे होते. पंचवीस वर्षांपूर्वी बारावीत असताना चिरंजीवांनी एक जुना, रोलचा कॅमेरा मागितला होता. किंमत चार हजार. तेव्हा मी हेच शब्द उच्चारले होते. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. बी.कॉम. झाले आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बसले. मीही तो प्रसंग विसरलो होतो, निदान तशी माझी समजूत होती.

मी एवढेच म्हणालो, “प्रस्ताव आला आहे, तर छाननी होऊ द्या.”

छाननी आकड्यांपासून सुरू झाली. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. परंतु ठोकळ्यांच्या कामाला १२ पुरतात. तीन मिनिटांच्या चित्रपटासाठी २,१६० छायाचित्रे झाली. पडद्यावर दिसणारे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे २० लाख. मागितलेला कॅमेरा २४० लाख ठिपक्यांचा. दोन पोती मालासाठी अख्खी वखार भाड्याने घेण्याचा हा प्रकार होता.

नातू सहजासहजी हटणारा नव्हता. २००५ सालचा ‘कॉर्प्स ब्राइड’ हा बाहुल्यांचा चित्रपट अशाच जातीच्या कॅमेऱ्याने चित्रित झाला, हा दाखला त्याने काढला. दाखला खरा होता. मात्र त्या बाहुल्या लेगोच्या बाहुल्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. आपला बाहुला अवघा चार सेंटिमीटर उंचीचा. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर भिंग आणायचे, तर मोठा कॅमेरा टेबलावर ठेवूनही उंचच पडतो. शिवाय जवळून घेतलेल्या चित्रात मोठ्या कॅमेऱ्याचा स्पष्ट पल्ला फार थोडा असतो. बाहुल्याचा चेहरा रेखीव, तर मागचे घर धूसर. अशा कॅमेऱ्याच्या यांत्रिक पडद्याचे आयुष्यही मोजके; दर चित्रपटाला हजारोंनी तो उघडझाप करणार. घसारा धरावाच लागतो.

मग माझ्याच मोबाइलवर चाचणी घेतली. साठ चित्रे जोडून पाहिली, तर पडदा दिव्यासारखा फडफडत होता. कारणे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मोबाइल प्रत्येक चित्रासाठी उजेडाचा, रंगाचा आणि स्पष्टतेचा हिशेब आपल्याच मनाने नव्याने मांडत होता. ते तिन्ही कुलूपबंद करावे लागले. खिडकीचा उजेड ढगांबरोबर बदलत होता. पडदे ओढून दोन टेबलदिवे लावले. तरीही मधूनच चित्र उजळे. नातवाने बराच वेळ निरीक्षण केले आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही पुढे वाकलात की होतं. तुमचा सदरा पांढरा आहे!” त्या दिवसापासून मी चित्रीकरणाला काळा स्वेटर घालू लागलो.

बोट लागले की मोबाइल हले; त्यावर इअरफोनच्या आवाजाचे बटण दाबून चित्र घेण्याची युक्ती सापडली. परंतु ऐन चित्रीकरणात माझ्या बहिणीचा फोन आला आणि मोबाइल थरथरत जागचा सरकला. स्वतंत्र कॅमेरा हवाच, हे तेव्हा सिद्ध झाले.

शेवटी मंजूर झाला तो संगणकाला जोडायचा लहानसा वेबकॅम, लॉजिटेकचा सी-९२०. त्याची आपोआप होणारी स्पष्टता आणि उजेडाची जुळणी बंद करता येते. चित्र थेट संगणकात उतरते, आणि आधीचे चित्र नव्यावर पुसट दिसत राहते. त्यामुळे बाहुला किती हलला हे कळते. बिल सात हजारांच्या थोडे वर झाले. निम्मी रक्कम नातवाच्या ओवाळणीतून, निम्मी माझ्याकडून.

त्या सुट्टीत मी नातवाला दादासाहेब फाळके यांची हकिगत सांगितली. विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची थोडी थोडी चित्रे रोज घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. तो पाहून भांडवल देणारा भेटला आणि पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. नातू म्हणाला, “म्हणजे त्यांनी आधी काम दाखवलं, मग कर्ज मागितलं.” एम.कॉम.च्या वर्गातही हे तत्त्व इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

एक अडचण राहिली होती. वेबकॅम संगणकाच्या कडेवर ठेवण्यासाठी बनविलेला. टेबलावर तो स्थिर राहीना. पुस्तकांची चळत रचली, ती हलली आणि पाऊण तासाचे काम वाया गेले. नातू रडवेला झाला.

दुसऱ्या रात्री चिरंजीव दुकान बंद करून आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत लोखंडी पट्टी, एक शिकंजा आणि मूठभर नट-बोल्ट होते. वेबकॅम उलटा करून त्यांनी तळाचे भोक पाहिले आणि म्हणाले, “दोन सुताचा बोल्ट बसतो.” दहा मिनिटांत कॅमेरा टेबलाला असा जखडला की टेबल हलले तरच तो हलावा. मग ते खाली वाकले आणि संगणकावरच्या चित्रात पाहत बराच वेळ तसेच राहिले. “दिवा थोडा डावीकडे घे. चेहऱ्यावर सावली येते आहे,” त्यांनी मुलाला सांगितले.

नातू झोपल्यावर मी म्हणालो, “तो चार हजारांचा कॅमेरा. तेव्हा मी छाननीसुद्धा केली नव्हती.”

ते पट्टीवरचा गंज पुसत होते. “अण्णा, त्या वर्षी ताईचं लग्न होतं.”

“होतं. पण मी तुला ते कारण सांगितलं नाही. पोट भरत नाही, असं सांगितलं.”

ते काही बोलले नाहीत. फडके घडी करून ठेवले आणि एक बोल्ट पुन्हा आवळला.

चित्रपट चाळीस सेकंदांचा झाला, ४८० चित्रे. लेगोचा एक माणूस सकाळी दुकानाचे शटर उघडतो, झाडलोट करतो आणि गल्ल्यावर बसतो, एवढेच कथानक. शटर वर जाताना दिसते, ती अठरा चित्रे चिरंजीवांनी घेतली आहेत. ती जराही फडफडत नाहीत.