पाऊणकी

ओहोटीचा वास सगळ्यांना आवडतो असं नाही. शेवाळ, काळा चिखल, फुटकी कालवं, खडकाच्या बेचक्यात अडकून राहिलेली एखादी मांदेली आणि या सगळ्यावर उन्हाने तापलेलं मीठ, असा तो वास वरळी सी फेसच्या कठड्यावरून अंगावर आला की उंच इमारतींतून फिरायला उतरलेली माणसं नाकाला रुमाल लावत, आणि आम्ही बीडीडी चाळीतली पोरं मात्र चपला हातात घेऊन कठड्यावर चढत असू, कारण पाणी मागे गेलंय, खडप उघडं पडलंय, आता तासभर तरी खाली उतरायला मिळणार, ही बातमी आम्हाला त्या वासानेच कळायची. तुम्ही मुंबईत वाढला असाल तर तुमच्याही नाकात तो कुठेतरी असेलच. शिवडीचा असेल, माहीमचा असेल. आमचा वरळीचा होता, आणि त्यात थोडी सुकटीची झाक असे, कारण वारा उत्तरेकडून फिरला की कोळीवाड्यातल्या वलांडीवरचे बोंबील सोबत घेऊन यायचा.

मासळी घेऊन चाळीत येणाऱ्या मावशीला घड्याळ कळत नसे, पण भरती कळायची. शाळा न पाहिलेल्या त्या बाईला पाऊणकीचा पाढा मात्र तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाताशी येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पुनवेला सव्वाअकरा, म्हणजे दुपार व्हायच्या आत पाणी कठड्याला. "आज पुनव हाय, सांजेला सुकती," असं ती टोपली उतरवता उतरवता म्हणायची आणि आम्हाला संध्याकाळचा कार्यक्रम मिळायचा. पुनवेची आणि अवसेची संध्याकाळ म्हणजे खडपाचा सण. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हा लांबवर काळे ओले वर येत, कोळणी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून हातातल्या कोयतीने कालवं फोडत बसत, टक्, टक्, टक् असा तो आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत राही, आणि आम्ही डबक्यांवर ओणवे होऊन शंखांच्या आत शिरलेले खेकडे बाहेर यायची वाट पाहत असू. दगड उलटला तर तो पुन्हा होता तसा ठेवायचा, हा मावशीचा नियम. "त्यांचं घर हाय, छप्पर उघडं टाकून जाशील का?"

बाबा साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले, जिथे भर पावसाळ्यातही विहिरीचा तळ दिसतो. त्यांना समुद्राचं कधी कौतुक वाटलं नाही. "एवढं पानी, आन् एक घोट कामाचं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही आठ माणसं, त्यात रात्रपाळी करून आलेला गावाकडचा कोणी ना कोणी आडवा झालेला, मोरीत भांडी, दारात वाळत घातलेले कपडे. अशा घरात संध्याकाळी पुरुषमाणसाने बसायचं कुठे? म्हणून ते सी फेसवर जात. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, आणि त्या वर्षी सी फेसचा कठडा सकाळपासूनच भरलेला असे. ती माणसं रस्त्याकडे पाठ करून बसायची. लहानपणी मला वाटायचं, समुद्र बघतात. पुढे कळलं, ओळखीच्या माणसाला तोंड दाखवायला नको म्हणून. समुद्राकडे तोंड केलं की कोणी विचारत नाही. बाबांच्या शेजारी बसून मी चण्याची पुडी संपवायची, आणि खाली खडकांच्या पोटात पाणी शिरून परत येताना जो घोगरा आवाज व्हायचा, कोणी म्हातारं माणूस घसा खाकरतंय असा, तो ऐकत राहायची. चणे संपले की पुडीच्या कागदालाही मिठाचा वास येई. वाऱ्याने आलेलं मीठ की चण्यांचं, कोण जाणे.

आत्याचा समुद्र वेगळा होता. तिचा महालक्ष्मीच्या देवळामागचा. मंगळवारी ओटी भरून झाली की ती गर्दीतून वाट काढत मागच्या बाजूला जायची, जपून खडकांवर उतरायची, बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावायची, आणि मगच तिचं दर्शन पुरं व्हायचं. भज्यांचा घाणा, हार-फुलं, कापूर, आणि त्यांच्याखालून येणारा तो खारा ओलावा. लहान मुलाला खरूज झाली की तिथेच आणून धुवायचं, हाही तिचाच उपचार. देवीची गोष्ट ती सांगे ती अशी, की साहेबाने वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खाडी बुजवायला घेतली, बांध पुन्हा पुन्हा वाहून जाई, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थाला दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला. तो बांध म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, १७८४ च्या सुमाराचा. आमची मुंबईच भरावावर उभी आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा भरावाला नावं ठेवण्याचा फार मोठा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. गोष्टीत निदान समुद्राला विचारलं तरी होतं.

सागरी रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीच्या सागरी सेतूपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यात मलबार हिलच्या पोटातून दोन बोगदे, आणि किनाऱ्यावर समुद्रात भराव, सगळा मिळून १११ हेक्टर. महापालिकेचे हे आकडे आम्हाला आधी कळले नाहीत. आधी डंपर कळले. मग सह्यांची वही आली. कठड्यावर वही, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून त्यावर दगड, आणि आजूबाजूला अशी माणसं की एरवी एकमेकांना ओळखसुद्धा दाखवली नसती: पांढऱ्या बुटांतले निवृत्त साहेब, त्यांच्या कुत्र्यांना फिरवणारी पोरं, कोळीवाड्यातले नाखवे, चाळीतल्या आम्ही बायका, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून समुद्री गोगलगायींचे फोटो काढणारी कॉलेजातली मुलं. कागदावर आम्ही सगळे बाधित. खरं तर प्रत्येकाचा समुद्र निराळा होता. साहेबांना खिडकीतला हवा होता, नाखव्यांना होडी जाण्यापुरता, मुलांना प्रवाळ हवे होते, आणि आम्हाला बसायला कठडा.

कोळ्यांच्या सोसायट्या, पर्यावरणवाले, रहिवासी, सगळे हायकोर्टात गेले. १६ जुलै २०१९ ला मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांनी रस्त्याची किनारा नियमनाची परवानगी रद्द केली आणि काम थांबलं. त्या दिवशी आषाढातली पौर्णिमा होती, गुरुपौर्णिमा, रात्री ग्रहण, म्हणजे पाणी उधाणाचं. मावशी तेव्हा पार थकलेली, पण तिने पाऊणकी म्हणून दाखवली आणि म्हणाली, "सवाअकराची भरती, निकाल बी भरतीचा." पाच महिन्यांनी, १७ डिसेंबरला, सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. मार्गशीर्षातला वद्य पक्ष, उधाण ओसरून पाणी भांगाला लागलेलं. यावेळी तिने काही मोजलं नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ, कायद्याने वाघाइतकेच जपायचे, त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. कोळी भांडत राहिले. क्लीव्हलँड बंदरातून त्यांच्या होड्या बाहेर पडतात, तिथे या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. उधाणाच्या पाण्यात, वारा सुटलेला असताना त्यातून होडी काढायची म्हणजे काय, हे ज्याने वल्हं धरलंय त्यालाच कळणार. त्यांनी २०० मीटर मागितले. होड्या घेऊन काम अडवलं, पोलिसांचा बंदोबस्त सोसला, आणि अखेर एक खांब गाळून १२० मीटरवर तोड निघाली. या सगळ्या लढ्यात कोणाच्या पदरात काही खरं पडलं असेल तर ते एवढंच, आणि तेही ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनीच मिळवलं. आम्ही सह्या करून घरी आलो होतो.

खडप मात्र गेलं. एका दिवसात नाही. मुरूम आणि दगड पडत गेले, आणि ओहोटीला उघडी पडणारी ती पट्टी, जमिनीचीही नव्हे आणि समुद्राचीही नव्हे, दिवसातून दोनदा मिळणारी आणि दोनदा परत द्यावी लागणारी, ती आटत आटत एका पावसाळ्यानंतर दिसेनाशी झाली. आधी कालवं फोडण्याचा आवाज थांबला. मग तो खाकरण्याचा. पावसाळ्यात लाट कठड्यावरून उसळून रस्त्यापर्यंत यायची, पोरं किंचाळत भिजायची, बेस्टच्या बसच्या काचा मिठाने पांढऱ्या व्हायच्या, आणि घरी गेल्यावर केस धुताना आई म्हणायची, भाजीला घालू का हे मीठ. ती लाट आता लांब, पलीकडच्या नव्या भिंतीवर फुटते. जुना कठडा आहे अजून. त्याच्यापुढे माती आहे, आणि रस्ता.

११ मार्च २०२४ ला पहिल्या मार्गिकेचं उद्घाटन झालं. फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, आदल्या दिवशी अवस, म्हणजे पुन्हा उधाण. हे मीच मोजलं, कारण मावशी तोवर राहिली नव्हती. भाचा मला गाडीतून घेऊन गेला. वरळीहून मरीन ड्राइव्हला आम्ही इतक्या लवकर पोचलो की माझं बोलणं अर्धंच राहिलं. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल खोटं कशाला बोलू? काचा बंद होत्या, एसी चालू होता, डाव्या हाताला महालक्ष्मी मागे गेली आणि मला ओळखूच आली नाही, कारण तिला त्या बाजूने मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. त्या जागी आधी पाणी असायचं.

२०२५ च्या ऑगस्टात किनाऱ्यावरचा नवा फिरण्याचा रस्ता लोकांसाठी खुला झाला. त्याच महिन्यात आमच्या चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरं, त्यांत आत्याचंही एक. तिच्या खिडकीतून आता समुद्र दिसतो. जन्मभर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिलेल्या बाईला तो घरात बसून पहिल्यांदा दिसला, नव्वदीला टेकल्यावर. पडदा सरकवून ती बघते, मग पुन्हा सरकवते. "वास न्हाय येत गं," असं एकदा म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, स्वयंपाकात हिंग कमी पडलाय म्हणावं तसं.

परवा तिला तो नवा रस्ता दाखवायला नेलं. भुयारी वाटेतून उतरून पलीकडे चढायला तिला बराच वेळ लागला. गुळगुळीत फरशी, समुद्राकडे तोंड केलेली बाकं, पळणारी तरुण मुलं, फुगे घेतलेली पोरं. गर्दी आनंदात होती, आणि वाईट वाटावं असं तिथे खरोखरच काही नव्हतं. आत्या भिंतीपाशी गेली. खाली मोठमोठे दगड उतारावर रचलेले, आणि त्यांच्या खूप खाली पाणी. ती इकडून तिकडे चालत गेली, उतरायला वाट दिसते का बघत. मग माझ्या पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली मागितली, झाकणात थोडं पाणी घेतलं, बोटं बुडवून डोळ्यांना लावली, उरलेलं भिंतीवरून खाली ओतलं आणि झाकण पदराला पुसून मला परत दिलं.

"इथं चहा कुठं मिळतो का बघ," म्हणाली, "मला काय आता बसवत न्हाय."