वैमानिक कामावर कसा जातो?

खटकचिंचोळीला माझ्या मावसबहिणीचं सासर. भालकी तालुका, बीदर जिल्हा. घरात मराठी, कचेरीत कन्नड. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, तिथे वैमानिकांना शिकवतात. त्यामुळे शेतात उभं असताना डोक्यावरून विमान गेलं तरी कोणी मान वर करत नाही. तिच्या मुलाला मात्र पायलट व्हायचंय. बहिणीने मला विचारलं, "दादा, त्याचं विमान बेंगळूरूहून सुटणार. मग हा घरून कामावर जाणार कसा?"

मंडळी, प्रश्न भाबडा वाटेल, पण नाही. जिथून वैमानिकाची ड्युटी सुरू होते तो त्याचा बेस. बदली झाली म्हणून प्रत्येकाला बिऱ्हाड हलवता येत नाही. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील. मग तो घरून बेसला विमानानेच जातो. कंपनीने कामासाठी पाठवलं तर तो प्रवास ड्युटीत धरतात. आपणहून केला तर तो ज्याचा त्याचा. तोही बहुधा स्टाफच्या सवलतीवर, म्हणजे जागा उरली तर! आमच्या गोव्यातल्या तारवटीला जहाज गाठायला कंपनी तिकीट काढून देते, हे इथे आठवतं.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. ५० माणसं गेली. सहवैमानिक तरुणी सिएटलजवळ राहायची, बेस न्यूअर्क, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे ती सकाळी न्यूअर्कला पोचली आणि दिवसभर क्रू रूममध्ये पडून राहिली. उड्डाण रात्री नऊनंतरचं. चौकशीत दोघाही वैमानिकांच्या थकव्याची नोंद झाली; अपघाताला तो किती कारणीभूत, हे मात्र ठरवता आलं नाही. काणकोणहून रोज पणजीला येणारे आमच्या ऑफिसात आहेत. दुपारी डुलकी लागली तर फार तर टिपणी चुकते.

आपल्याकडचं उदाहरण वेगळं, पण गाठ तीच. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडला भर पावसात धावपट्टीपलीकडे घसरलं. १९० पैकी २१ दगावले. कॅप्टन दीपक साठे त्यांतले एक, हवाई दलातून आलेले, घर मुंबईत. चौकशी अहवालाने उतरतानाच्या चुका त्यांच्याकडे दाखवल्या, हे खरंच आहे. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती कमी लोकांनी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण कोळिकोडहून त्यांनाच न्यायचं होतं, म्हणून तिथेच उतरण्याकडे त्यांचा ओढा होता. कारण त्या बेसवर २६ सहवैमानिक आणि कॅप्टन फक्त एक! बेस ठरवण्याचं कंपनीचं धोरण चुकीचं, असं अहवालाने स्पष्ट लिहिलं. मेलेल्या माणसाची चूक सगळ्यांच्या लक्षात राहते, बदल्यांची यादी कोण बघतो? (कारकून बघतो. सवय.)

जुलै २०२५ पासून आपल्याकडे वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली. बहिणीला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "त्यातले येण्याजाण्यात किती जाणार?"