आंबेनळीचा उतार

महाबळेश्वरास जावयाचे ठरले म्हणजे घरात घाट चढण्याची जितकी चर्चा होते, तितकी तो उतरण्याची होत नाही. इंजिन तापेल काय, मुलांना गाडी लागेल काय, बरोबर लिंबू घेतले की नाही, हे सारे प्रश्न चढणीचे. उतार म्हणजे आपोआप सरणारी वाट, अशी आपली समजूत. परंतु चढणीवर गाडी हटून बसली तर फार तर खोळंबा होतो; उतारावर तिने ऐकले नाही, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरणाऱ्या आंबेनळी घाटाच्या निमित्ताने या उतरण्याच्या विद्येचा थोडा विचार करू.

हा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा. पठार सोडून तो दाट झाडीतून मेटतळ्यावरून खाली येतो आणि वाडा कुंभरोशी येथे थोडा विसावतो. येथूनच प्रतापगडाकडे फाटा फुटतो. पार घाटावर नजर ठेवणारा हा गड शिवछत्रपतींनी बांधविला, आणि त्याच्याच पायथ्याशी १६५९ साली अफजलखानाची भेट घडली. महाबळेश्वराहून पाराकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेचे नाव रडतोंडीचा घाट; त्या नावावरूनच वाटेचा स्वभाव ध्यानी यावा. कुंभरोशी सोडली की खरा कोकण-उतार लागतो. वळणामागून वळण घेत रस्ता सावित्रीकाठच्या पोलादपुरास मुंबई-गोवे महामार्गाला मिळतो. एवढ्या वाटेत आपण जवळजवळ १३०० मीटर खाली आलेले असतो.

आता थोडा हिशेब पाहू. माणसे व सामान धरून १४०० किलो वजनाची गाडी १३०० मीटर खाली आली, तर तिच्या अंगची जी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, तिच्यावर सुमारे ६० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे घरभर माणसांच्या स्नानाची तरतूद! यातील काही भाग वारा आणि चाकांचे घर्षण घेतात. उरलेला कोणी घ्यावयाचा, इंजिनाने की ब्रेकांनी, हे मात्र चालविणाराच्या हाती असते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. मागे बसलेली वडील मंडळी ‘सावकाश, सावकाश’ म्हणतात, आणि चालविणारा आज्ञाधारकपणे ब्रेकवर पाय ठेवून बसतो. गाडी सावकाश चालते खरी, परंतु ब्रेक अखंड घासत राहतात. त्यांचे लायनर फार तापले की त्यांची पकड सुटू लागते. त्यातून ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले म्हणजे त्यात वाफ धरते, वाफ दाबली जाते, आणि पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. सावकाशी हवीच, पण ती पायाने नव्हे, गिअराने साधली पाहिजे.

ज्या गिअरात हा घाट चढलो असतो, त्याच गिअरात तो उतरावा, हा मुरलेल्या चालकांचा नियम आहे. तीव्र उतार सुरू होण्यापूर्वीच दुसरा गिअर घालावा, म्हणजे इंजिनच गाडीस मागे ओढून धरते. वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि पाय पूर्णपणे काढून घ्यावा, म्हणजे ब्रेकांस निवावयास अवसर मिळतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती निघण्यापूर्वीच समजून घ्यावी. विजेवरच्या गाडीत मोटारच वेग रोखून वीज परत साठविते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही सोय दुबळी पडते. म्हणून डोंगरमाथ्यावर ती पूर्ण भरू नये.

इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडण्याची खोड तर अगदी टाकावी. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच होते; तेव्हा बचत तर होत नाहीच, आणि इंजिन बंद केल्यास ब्रेकांची मदतही जाते.

जळकट वास आला, पाय मऊ लागू लागला किंवा चाकाशी धूर दिसला, तर पुढच्या गावापर्यंत रेटू नये. खालच्या गिअरात येऊन रुंद जागी थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांस दगड लावावेत आणि अर्धा तास स्वस्थ बसावे. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नये. तापली लोखंडी चकती त्याने तडकण्याचा संभव असतो. तसा प्रसंग आला नाही तरी कुंभरोशीस थांबावे. मुलांना गड दिसतो, ब्रेकही निवतात.

निघण्यापूर्वी ब्रेकचे तेल व लायनर तपासून घेणे हे प्रवासाच्या तयारीतलेच एक काम समजावे. आणि वाटेत चढती गाडी समोर आली तर तिला आधी वाट द्यावी. मागचा कितीही भोंगा वाजवो, त्याला पुढे जाऊ द्यावे. पोलादपुरास अर्धा तास उशिरा पोहोचल्याने कोणाचे काही बिघडत नाही.