पळसाचा दस्तरखान

म्हाताऱ्या माणसांच्या हातात आपण ‘वेळ जावा म्हणून’ काहीतरी देतो. ते त्यांना बरोबर कळतं. काम असं हवं की केलेली वस्तू घरात वापरली जाईल.

फाल्गुनात पळस फुलला की एक सोपं काम सापडतं. झाडाखाली पडलेली फुलं मुलांनी वेचून आणायची. पाकळ्या निवडून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पाणी उकळून गाळायचं. जुनं सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं की पिवळा रंग चांगला धरतो. कापडात हरभरे ठेवून दोऱ्याने बांधले तर पांढरी वर्तुळं उमटतात. हात थरथरला तर वर्तुळ वाकडं येतं, तेही छान दिसतं. सुईत दोरा ओवण्याची कटकट नाही. उकळतं पातेलं मात्र आपण उचलावं.

मधुमेहामुळे अम्मीचे रोजे सुटले, तेव्हापासून इफ्तारला ती कोपऱ्यात बसायची. अलीकडे रमजान वसंतात येऊ लागला, तसा तिने दस्तरखान रंगवला. आता खजूर मांडण्याआधी त्याच्या सुरकुत्या तीच काढते आणि नातवंडांना दटावते, “डाग पाडू नका रे!”