एकाच नकाराचें यंत्र

माणसांप्रमाणें विद्युन्मंडलांनाही कुळें असतात, हें ऐकून पुष्कळांस मौज वाटेल. संगणकाच्या पोटांत ‘होय’ आणि ‘नाहीं’ यांचा निवाडा करणाऱ्या मंडलास गेट म्हणतात. त्यांतील आरंभींचें एक कुळ रेझिस्टर व ट्रान्झिस्टर एवढ्यांवरच चाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास आरटीएल हें नांव पडलें.

त्याची रीत अगदीं साधी. येणारी प्रत्येक तार रेझिस्टरमधून आपापल्या ट्रान्झिस्टरला भिडते. निकाल मात्र सर्वांचा मिळून एकाच तारेवर लागतो. कोणत्याही एका तारेनें ‘होय’ म्हटलें कीं उत्तर ‘नाहीं’. सर्वांनीं ‘नाहीं’ म्हटलें तरच उत्तर ‘होय’. दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि एक इवलासा दिवा जुळवून आम्हीं हा खेळ घरीं करून पाहिला. कोणतेंही बटण दाबलें कीं दिवा विझे. दोन्ही सोडलीं म्हणजे उजळे. या हट्टी दिव्याचें घरांतील मंडळींस फार हसूं आलें. पण अशा एकाच क्रियेंतून तर्काच्या बाकी सर्व क्रिया साधतां येतात, हें हेन्री शेफर यांनीं १९१३ सालींच दाखविलें होतें.

अमेरिकेंतील एमआयटी संस्थेनें अपोलो यानाचा मार्गदर्शक संगणक रचला तो याच तत्त्वावर. एल्डन हॉल यांच्या नेतृत्वाखालीं तेथील अभियंत्यांनीं १९६२ सालीं नवजात चिप पत्करली आणि तीन तारांच्या एकाच गेटावर सारी भिस्त ठेविली. १९६९ च्या जुलैंत माणूस चंद्रावर उतरला, तेव्हां त्या संगणकांत अशा सुमारें २८०० चिप होत्या व प्रत्येकींत दोन गेटें. निरनिराळे नमुने घेतले असते तर थोडक्या गेटांत काम भागतें. परंतु एकच नमुना हजारोंनीं बनला म्हणजे त्याचे दोष लौकर उघडे पडतात व त्याची परीक्षा कसून घेतां येते. आणि अंतराळांत बिघाड झाल्यास दुरुस्तीला जाणार कोण? तिघांचे प्राण त्या नकारावर टांगलेले होते.

हें कुळ वीज फार खाई व बाहेरच्या विद्युत्-गोंगाटानें चटकन् बिचके. पुढें डायोडांचें डीटीएल, त्यामागून अधिक चपळ असें टीटीएल आलें आणि आरटीएल मागें पडलें. तरीही त्याच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो. दुसऱ्याचा जीव जिच्यावर सोपवावयाचा ती वस्तु नवी असली तरी चालेल, पण ती पुरती पारखलेली असावी, एवढें शहाणपण तें मागें ठेवून गेलें आहे.