कोणी बघत नसताना

उठून गेल्यावर आपल्यामागे पडद्यावर काय चालू राहावं, हा प्रश्न संगणक वापरणाऱ्या फार थोड्यांना पडत असेल. मला तो पडतो आणि महत्त्वाचाही वाटतो. समोर बसलेलो असतो तेव्हा पडद्यावरचं सगळं कशासाठी तरी असतं: आल्याची आडतीवरची पट्टी, पीकविम्याचा अर्ज, पोरांच्या फीचा हिशेब. उजेडाचा कण न् कण कामाला जुंपलेला. मग आपण चहाला उठतो, खुर्ची रिकामी होते, आणि पाचेक मिनिटांनी यंत्र कुणाचंही काही देणं नसलेलं असं काहीतरी दाखवू लागतं. दिवसातला तेवढा तुकडा मला फार प्रिय आहे.

फुलंब्रीची दुपार लांब असते. संभाजीनगरहून सिल्लोडकडे आणि पुढे अजिंठ्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो, आणि चैत्र-वैशाखात त्यावरची वाहनंसुद्धा पेंगुळल्यासारखी वाटतात. माझ्या टेबलावरचा संगणक जुना आहे. त्यावर डेबियन लिनक्स आहे, एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप आहे, आणि स्क्रीनसेव्हरसाठी मी मुद्दाम निवडलेला एक्सस्क्रीनसेव्हर आहे. एक्सएफसीईचा स्वतःचा स्क्रीनसेव्हरही आहे. तो माटे डेस्कटॉपच्या स्क्रीनसेव्हरवरून घेतलेला, आणि तो पुन्हा जुन्या ग्नोमच्या. ज्यांनी उबुंटूची पहिली वर्षं पाहिली त्यांना त्या घराण्यातली अवकाशाची चित्रं आणि तरंगणारी ग्नोमची पावलं आठवत असतील. वंशावळ चांगली आहे, पण माझा जीव एक्सस्क्रीनसेव्हरवर आहे.

जेमी झविन्स्की या माणसाने १९९२ साली तो पहिल्यांदा सोडला. हाच गृहस्थ पुढे नेटस्केपच्या पहिल्या फळीत होता. नंतर त्याने सॅन फ्रान्सिस्कोत डीएनए लाउंज नावाचा नाइटक्लब घेतला. इतक्या उलथापालथीत त्याने हे एक काम खाली ठेवलं नाही. तीस वर्षांहून अधिक काळ तो ते फुकट वाटतो आहे, त्यातले दोष दूर करतो आहे, नवं काही जोडतो आहे. २०१६ साली डेबियनवाल्यांशी त्याचं चांगलंच वाजलं. त्यांच्या संचात त्याची जुनी आवृत्ती राहायची, आणि तिच्यातून पडद्यावर सूचना यायची की ही फार जुनी झाली, नवी घ्या. डेबियनला ती सूचना नको होती. झविन्स्कीचं म्हणणं असं की मग माझा प्रोग्रामच काढून टाका. दोन्ही बाजू मला कळतात, पण आपल्या हातचं शिळं अन्न लोकांपुढे जाऊ नये म्हणून भांडणारा माणूस मला जवळचा वाटतो.

स्क्रीनसेव्हरचं प्रकरण सुरू झालं ते गरजेतून. जुन्या काचेच्या मॉनिटरवर आतून फॉस्फरचा लेप असे. एकच अक्षर तासन् तास एका जागी राहिलं तर तो लेप तिथे झिजे आणि अक्षराचा डाग कायमचा बसे. १९८३ साली जॉन सोचा याने ‘सॉफ्टटॉक’ मासिकात एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कोणी कळफलकाला हात लावला नाही की तो पडदा काळा करी. एवढंच. पुढे कुणाला तरी वाटलं की काळ्याऐवजी काही हलतं ठेवलं तरी डाग पडणार नाही. गरजेच्या त्या फटीतून चित्रं आत आली. मग सपाट पडदे आले, डागांची भीती जवळपास गेली, तरी चित्रं राहिली.

एक्सस्क्रीनसेव्हरच्या सेटिंगची खिडकी उघडली की डावीकडे नावांची लांबलचक यादी दिसते. दोनशेहून अधिक. एकेका नावावर टिचकी मारली की उजवीकडे छोट्या चौकटीत ते चित्र हलू लागतं, आणि त्याच्या माहितीत ते कुणी लिहिलं, कोणत्या साली, याची एक ओळ असते. ‘अ‍ॅट्रॅक्शन’, झविन्स्की आणि जॉन पेझारिस, १९९२. ‘आरडी-बॉम्ब’, स्कॉट ड्रेव्ह्ज, १९९७. या दुसऱ्याकडे मी खूप वेळ बघत बसतो. दोन कल्पित रसायनं पडद्यावर पसरतात, एकमेकांशी झुंजतात, आणि त्यातून ठिपके, पट्टे, नागमोडी रेषा उमटतात. अ‍ॅलन ट्यूरिंगने १९५२ च्या निबंधात मांडलं होतं की सजीवांच्या अंगावरची नक्षी अशा क्रियेतून उमटू शकेल. इतका मोठा विचार एका स्क्रीनसेव्हरमध्ये, कुणी मागितला नसताना, येऊन बसला आहे.

पण माझी निवड बहुधा ‘जीएलस्कूल’वर थांबते. डेव्हिड लँबर्टने २००६ मध्ये लिहिलेला माशांचा थवा. त्यामागचं गणित क्रेग रेनॉल्ड्सने १९८६ साली मांडलं. थव्याला नायक नसतो, हे त्याचं सार. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांभाळायच्या: शेजाऱ्यावर आदळायचं नाही, शेजारी जिकडे वळेल तिकडे वळायचं, आणि घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहायचं. एवढ्यावर सगळा थवा एका अंगाने वळतो. रेनॉल्ड्सच्या मनात मुळात पक्षी होते, आणि मला ते मासे पाहताना दर वेळी भोरड्याच दिसतात. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की त्या दूर उत्तरेकडून इकडे येतात. संध्याकाळी रानावर त्यांचा ढग उठतो, फाटतो, गुंडाळतो, एका क्षणी काळा होतो आणि दुसऱ्या क्षणी विरळ. राखण करणाऱ्याला त्या नकोशा असतात, तो गोफण फिरवतो. लहानपणी बांधावर उभा राहून मला वाटायचं, यांना पुढून कोणीतरी सांगत असणार. कोणी सांगत नव्हतं. ते मला या टेबलावर बसून कळलं, आणि कळल्यावर रानातला थवा आणखी सुंदर झाला.

शेजारची मुलगी अभ्यासाला येते. मासे सुरू झाले की ती पाटी-वही सोडून बघत बसते. मी कामाला हात घालायला गेलो की म्हणते, “काका, माऊसला हात नका लावू ना, मासे जातील.” मी थांबतो. पट्टी पाच मिनिटांनी टाइप झाली तरी चालते.

मोठ्या डेस्कटॉपांनी मात्र ही दारं बंद केली. ग्नोमने २०११ साली तिसरी आवृत्ती आणली तेव्हा चित्रं गेली, उरला नुसता काळा पडदा. केडीईने २०१४ च्या प्लाझ्मा ५ मध्ये तेच केलं. त्यांचं कारण खोटं नाही. पडदा विझवला की वीज वाचते, आणि जिथे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो तिथे इन्व्हर्टरवरचा एकेक वॅट मोजावा लागतो. म्हणून मी दहा मिनिटं मासे ठेवतो आणि मग मॉनिटर पूर्ण बंद होऊ देतो. एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये ती वेळ ठरवता येते. मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेला की, जड त्रिमितीय चित्रंही बंद ठेवतो, यंत्र फार तापतं. पण हा हिशेब ज्याचा त्याने करावा. निवडच काढून घेणं मला पटलेलं नाही, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर मुळीच नाही.

कुलपाचाही प्रश्न आहे. पडदा नुसता झाकायचा नसतो, परक्याला रोखायचंही असतं. झविन्स्की वर्षानुवर्षं सांगत आला की कुलूप लावणारा भाग जितका लहान तितका बरा, कारण तो कोसळला की सगळं उघडं पडतं. म्हणून त्याच्याकडे चित्रं वेगळे प्रोग्राम म्हणून चालतात. एखादं कोसळलं तरी कुलूप जागचं हलत नाही. २०२१ च्या जानेवारीत लिनक्स मिंट वापरणाऱ्या एका बापाने कळवलं की त्याच्या मुलांनी खरा आणि पडद्यावरचा असे दोन्ही कीबोर्ड एकदम बडवले, आणि मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचं कुलूप उघडलं. पडद्यावरच्या कीबोर्डाने स्क्रीनसेव्हरलाच खाली पाडलं होतं. मुलांच्या हातांनी जाणत्यांची गोष्ट खरी ठरवली.

गावातून जाणाऱ्या त्या रस्त्याने पुढे फर्दापूरजवळ अजिंठा आहे. तिथल्या पहिल्या लेण्याच्या छतावर चौकटी-चौकटींत फुलं, फळं, हंस, हत्ती काढलेले आहेत. आतल्या अंधारात मान वर करून किती जणांनी ते पाहिलं असेल? काढणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत. नाव आहे ते जॉन स्मिथचं, १८१९ मध्ये दहाव्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेलं, बघायला आलेल्याचं. एक्सस्क्रीनसेव्हरच्या यादीतली ती एक-एक ओळ मला म्हणूनच हवीशी वाटते. कोणी बघत नसताना चालणाऱ्या चित्राखाली काढणाऱ्याचं नाव राहिलं आहे.

त्या यादीत ठिपक्यांची रांगोळी नाही. मी सगळी नावं चाळली आहेत. केल्टिक गाठी आहेत, पेनरोजच्या फरशा आहेत, पंधरा ते आठ ठिपक्यांची षटकोनी रांगोळी नाही. ती बसवायला वाव आहे, कारण मूळ संचासोबत नवं चित्र कसं जोडावं हे सांगणारी एक फाईल येते आणि सगळा कोड उघडा आहे. सी भाषा मी त्यासाठी पुन्हा घोकतो आहे. ठिपके मांडायचं सोपं आहे: मधली ओळ पंधराची, वर-खाली एकेक कमी करत आठवर यायचं. अडतं ते रेषेशी. कोणत्या ठिपक्यापासून निघावं, कुठे वळावं, हात न उचलता परत कसं यावं, हे आईच्या बोटांना ठाऊक आहे, माझ्या कोडला अजून नाही. ती सकाळी अंगणात काढते आणि मी शेजारी वही घेऊन उकिडवा बसतो. काल तिने विचारलं, हे कुठे छापून येणार का? मी म्हणालो, लेखकाच्या ओळीत आधी तुझं नाव जाईल, मग माझं. ती म्हणाली, “मग कमळाची घे. ती मला नीट येते.”